तिच्या रडण्याने माझे मन द्रवत नाही

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. लसीबाबत आपल्याहून वेगळा निर्णय घेणाऱ्या माणसाविषयी मनात सहानुभूती असावी का, हा तो विषय. पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असा तपशील गाळून येथे दिली आहेत. एकतीस वर्षे मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी होते. लस देणाऱ्यांच्या बाजूला बसूनच माझे आयुष्य गेले, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे आणि पहिल्या पत्राचे उत्तर नेहमीपेक्षा लांबले आहे.

प्रश्न : माझे वय २९ आहे. नाशिक जिल्ह्यात आम्ही एकत्र कुटुंबात राहतो. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांचा चार वर्षांचा मुलगा, आम्ही दोघे आणि आमची सात महिन्यांची मुलगी आहे. जाऊबाईंच्या बहिणीच्या मुलीला दीड वर्षाच्या डोसनंतर ताप येऊन आकडी आली होती. ते त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यानंतर त्यांनी आपल्या मुलाला जन्मावेळी दवाखान्यात दिली ती लस सोडून एकही लस दिली नाही. आमच्याकडे बाळ आल्यावर मी दोनदा विषय काढला, पण त्यांनी मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवले आणि भाऊजी गप्प बसले. दोन महिन्यांपूर्वी त्या मुलाला गोवर झाला आणि पाठोपाठ माझ्या मुलीला. तिला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस ती रुग्णालयात होती, त्यातले चार दिवस प्राणवायूवर. आता दोन्ही मुले घरी आहेत. जाऊबाई माझा हात धरून रडल्या, तेव्हा मी हात सोडवून घेतला. सासूबाई म्हणतात, तिचेही लेकरू आजारीच होते, झाले गेले विसरून जा. मला ते जमत नाही. खरे सांगायचे तर, त्यांचा मुलगा तापाने फणफणत होता तेव्हा ‘आता कळेल’ असे माझ्या मनात आले. चार वर्षांच्या मुलाविषयी असे मनात यावे याची मला लाज वाटते, पण त्याच्या आईच्या रडण्याने माझे मन द्रवत नाही. मी निष्ठुर झाले आहे का?

उत्तर : नाही. नऊ रात्री बाळाच्या उशाशी बसून त्याची छाती वर-खाली होताना मोजत राहिलेल्या आईला राग आला, यात निष्ठुरपणा कसला? उलट तुम्हाला राग आलाच नसता, तर मला काळजी वाटली असती. त्या रागाला आधार आहे, हे मी आधी स्पष्टपणे लिहिते, कारण घरातली वडीलधारी माणसे तुम्हाला तो आधारच नाकारत आहेत असे पत्रावरून दिसते.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. त्याआधी आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) बाळाचे भागत असते. पण ती महिन्यागणिक कमी होत जातात आणि सहा-सात महिन्यांच्या सुमारास बाळ बरेचसे उघडे पडते. त्या अवधीत त्याचे रक्षण करतात ती भोवतालची माणसे. भोवतालच्या शंभरांतील पंचाण्णव जणांना दोन्ही डोस मिळालेले असतील तर गोवराला त्या बाळापर्यंत यायला वाट सापडत नाही. गोवर किती पसरतो हे सांगायचे, तर प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसे रुग्णाच्या निकट आली की त्यांतील नऊ जणांना तो होतो, रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवू लागते. म्हणजे घरातल्या कोणालाही ‘हा गोवर आहे’ असे वाटण्यापूर्वीच तुमच्या मुलीला त्याची बाधा होऊन गेली असणार. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवायला हवे होते, मी लक्ष द्यायला हवे होते, असे काही तुमच्या मनात घोळत असेल तर ते काढून टाका. तुमच्या हातात फारसे काही नव्हते. ज्यांच्या हातात होते त्यांच्यावर तुमचा राग आहे, आणि तो योग्य ठिकाणी आहे.

आता त्या ‘आता कळेल’विषयी. रोग हा कोणाच्या तरी चुकीचा दंड असतो, ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. एका रोगाला आपण ‘देवी’ म्हणत आलो. अंगावर फोड आले की देवीचा कोप झाला असे मानून घरातल्या कोणाच्या हातून काय चुकले याचा शोध घेतला जाई. लस टोचणाऱ्याला खेड्यापाड्यांत ‘देवी डॉक्टर’ म्हणत. त्या माणसाने फिरून फिरून जे काम केले, त्यात नुसती लस टोचणे नव्हते. हा कोप नसून आजार आहे, त्याला कारण आहे आणि उपायही आहे, हे पटवणेही होते. लस न घेतलेल्या माणसाला आजार झाला की ‘बरी अद्दल घडली’ असे म्हणताना आपण शिकलेली माणसे पुन्हा त्याच कोपाच्या समजुतीकडे जात असतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि पुढे मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली, तेव्हा वस्तीतल्या आईबापांना उद्देशून ‘यांचीच चूक’ हे उद्गार मी चांगल्या घरांतून ऐकले आहेत. त्याच साथीत नऊ महिन्यांखालील बालकांनाही लागण होऊ लागल्याने बाधित भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांना जादा डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला होता. त्या बालकांनी कोणती चूक केली होती, हे विचारायचे त्या माणसांना सुचले नाही.

तुमच्या घरातल्या चार वर्षांच्या मुलानेही काहीच ठरवलेले नव्हते. तुम्हाला त्याच्याविषयी लाज वाटते हे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि माझी विनंती आहे की सुरुवात त्याच्यापासून करावी. घरात कोणी त्याला ‘तुझ्यामुळे बाळ आजारी पडलं’ असे म्हणाले आहे का, याची चौकशी करा. रागाने नसेल, सहज बोलता बोलता कोणी म्हणाले असेल. चार वर्षांचे मूल असे वाक्य विसरत नाही. अशी मुले पुढे कित्येक महिने धाकट्या भावंडाजवळ जायला कचरतात, आणि मोठ्यांना वाटते की ते लाडावले आहे किंवा हेवा करते आहे. त्याला जवळ घेऊन तुम्हीच सांगा की बाळ बरे आहे आणि त्यात त्याचा दोष नाही. हे सांगण्यासाठी त्याच्या आईविषयी काही वाटण्याची गरज नाही.

जाऊबाईंविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांनी जे पाहिले ते मीही अनेकदा पाहिले आहे. ताप चढलेले मूल एकाएकी डोळे फिरवते, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, ओठ निळसर पडतात. हे बहुधा दोन-तीन मिनिटांत थांबते. पण समोरच्या माणसाला ती मिनिटे मृत्यूचीच वाटतात. ज्याला ठाऊक नाही त्याची खात्रीच होते की मूल गेले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना तापामुळे अशी आकडी कधी ना कधी येते, साध्या सर्दी-तापातही येते, आणि त्यातून मुलाला कायमचे नुकसान सहसा होत नाही. डोसनंतर येणाऱ्या तापातही क्वचित ती येते, हे खरे आहे आणि ते लपवू नये. गोवराच्या तापात तिचा धोका कितीतरी अधिक असतो आणि गोवर झालेल्या हजारांत सुमारे एका मुलाच्या मेंदूला सूज येते, हेही तितकेच खरे आहे.

परंतु त्या दिवशी तुमच्या जाऊबाईंना हे कोणी समजावले असेल का? माझा अनुभव सांगते. आमच्या एका केंद्रावर डोसनंतर आकडी आलेल्या बाळाला घेऊन आजी धावत आली होती. आकडी थांबलेली होती, बाळ झोपले होते. रांग मोठी होती. मी बाळाला तपासले, ‘काही झालेलं नाही, घरी जा’ एवढेच म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. वैद्यकीयदृष्ट्या माझे म्हणणे बरोबर होते. पण आजीच्या दृष्टीने, तिने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी ‘झालीच नाही’ म्हणून उडवून लावली होती. पुढे त्या वाडीतून सात-आठ घरांनी डोस बंद केले, आणि ते पुन्हा सुरू होण्यास मला दोन वर्षे लागली. ती दहा मिनिटे मी त्या दिवशी दिली असती तर, हा विचार अजून मनातून जात नाही. लस नाकारणारी बरीच माणसे मुळात अशीच एखादी गोष्ट पाहिलेली असतात. डॉक्टर बोलायला तयार नसतो आणि मोबाईलवरचा माणूस तासभर बोलायला तयार असतो. खोटे पसरवणाऱ्याचा निम्मा धंदा आमच्या घाईमुळे चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी खोटी गोष्ट किती वर्षे टिकते, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या इंग्लंडमधील डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावरून गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा लेख एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचे नाव तेथील वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. मधल्या बारा वर्षांत ती भीती जगभर गेली आणि मराठीत भाषांतर होऊन आजही कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर येत असते. तुमच्या रागातला एक मोठा वाटा या माणसांच्या नावावर जमा व्हायला हवा. जाऊबाई त्यांच्या बळी आहेत, आणि त्याच वेळी तुमच्या मुलीच्या आजाराला त्यांचा निर्णय कारण झाला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या आहेत म्हणूनच तुमचे मन अडले आहे.

मी असे पाहते. भीती त्यांनी निवडलेली नव्हती. तिच्याबद्दल त्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु घरात तान्हे बाळ आल्यावर तुम्ही दोनदा विषय काढलात आणि त्यांनी एकदाही डॉक्टरांकडे जाऊन विचारले नाही, हे मात्र त्यांनी केले किंवा करायचे टाळले, आणि त्याची जबाबदारी त्यांची आहे. भाऊजींचीही आहे. पत्रात त्यांच्यासाठी तीनच शब्द आहेत, ‘भाऊजी गप्प बसले’, पण मुलाचा बाप गप्प बसतो आणि सगळा दोष आईच्या पदरात पडतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्या तीन शब्दांशी मी थांबले. सहानुभूती भीतीविषयी असू शकते आणि जाब निर्णयाविषयी विचारता येतो. एक द्यायची म्हणून दुसरे सोडून द्यावे लागत नाही. सासूबाई तुम्हाला दोन्ही गोष्टी एकदम उरकायला सांगत आहेत, ते तुम्ही मानू नका. ‘झाले गेले विसरून जा’ या वाक्याने घर शांत होते, पण त्या घरातला मुलगा बिनलशीचाच राहतो.

म्हणून घाईने हात हातात घेऊ नका. खोटे सांत्वन त्यांनाही कळेल. काही दिवस जाऊ द्या आणि मन थोडे निवले की त्यांना एवढेच विचारा की बहिणीकडे त्या दिवशी नेमके काय झाले होते. मध्ये न बोलता सगळे ऐका. त्यांचे झाल्यावर तुमच्या नऊ दिवसांचे सांगा, तेही काही न गाळता. प्राणवायूची नळी कशी लावली होती, बाळ कधी दूध घ्यायचे थांबले, रात्री परिचारिका काय म्हणाली, हे सगळे. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द उच्चारायची गरज पडणार नाही. त्यानंतरही मन द्रवले नाही तर नाही. सहानुभूती मागून मिळत नाही आणि ठरवून येत नाही, पण समोरचे माणूस पुरते दिसले की ती पुष्कळदा आपोआप येते.

व्यवहाराच्या गोष्टी मात्र मन द्रवण्याची वाट पाहत थांबवू नका. दोन्ही मुलांना गोवरानंतर जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस मिळाले आहेत ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. गोवर शरीराची जुनी प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या शरीरातील आधीच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचे आढळले. (ती मुले नेदरलँड्समधील, धर्मश्रद्धेमुळे लस न घेणाऱ्या समाजातली होती. त्यांच्या आईबापांनी लस नाकारली, पण मुलांचे रक्त तपासू दिले, आणि त्यातून मिळालेले ज्ञान आज तुमच्या मुलीच्या कामी येत आहे. मला ही गोष्ट नेहमी आठवते.) त्यामुळे पुढचे काही महिने दोघांनाही इतर संसर्गांपासून जपायला हवे. तुमच्या मुलीला गोवर होऊन गेला तरी नऊ महिन्यांची लस द्यायचीच आहे. पुतण्याला घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसी आता वयानुसार देता येतील. त्यासाठी उशीर झालेला नाही. पहिल्या डोसच्या दिवशी जाऊबाई फार घाबरलेल्या असतील. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायचे असते. त्या अर्ध्या तासात त्यांच्या शेजारी घरातले कोण बसणार, एवढे मात्र घरातल्या सर्वांनी मिळून आधी ठरवावे.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, ठाण्यात राहणारा निवृत्त कर्मचारी आहे. २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ कोविडच्या लसीनंतर अकराव्या दिवशी हृदयविकाराने गेला. मी लस घेतली नाही. लोकलने जाता येईना, आमच्या सोसायटीच्या गणपतीत मला आरतीला येऊ नका असे सांगण्यात आले, आणि भावाचे नाव काढले की लोक ‘अफवा पसरवू नका’ म्हणत. आता लस घेतलेला कोणी तरुण अचानक गेला असे ऐकले की मला एक प्रकारचे समाधान वाटते. माझ्याविषयी कोणाला काही वाटले नाही, मग मी इतरांविषयी का वाटून घ्यावे?

उत्तर : आपल्या बंधूंच्या निधनाबद्दल मनापासून दुःख व्यक्त करते. इतक्या वर्षांत हे वाक्य आपल्याला फारसे कोणी म्हटलेले दिसत नाही, म्हणून ते सर्वांत आधी लिहिते.

लसीमुळेच मृत्यू झाला का, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. त्या काळात कोट्यवधी प्रौढ माणसांना थोड्या अवधीत लस दिली जात होती, आणि आपल्या देशात हृदयविकाराने रोज असंख्य माणसे जातात. त्यामुळे लसीनंतरच्या अकरा दिवसांत कोणाचा तरी मृत्यू होणे हे लसीशी संबंध नसतानाही घडणारच होते. तथापि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळायला हवे होते. लसीकरणानंतरच्या अशा घटनांची नोंद आणि चौकशी करण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या आहेत. आपल्या बंधूंची नोंद तेथे झाली नसेल, तर ती कोणी तरी करून द्यायला हवी होती. रक्तात गुठळ्या होऊन त्याच वेळी बिंबिका (प्लेटलेट) कमी होण्याचा अत्यंत दुर्मीळ विकार कोव्हिशील्डच्या प्रकारच्या लसीमुळे होऊ शकतो, हे २०२१ मध्येच जगभरच्या औषध नियामकांनी मान्य केले होते. म्हणजे प्रश्न विचारणे ही अफवा नव्हती.

आपल्याला जी वागणूक मिळाली तीही मला पटत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशांना जाऊ दिले ते दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. त्या वेळी कोव्हिशील्डच्या दोन डोसांत बारा ते सोळा आठवड्यांचे अंतर ठेवायचे होते, आणि अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण राज्याकडे साठा नसल्यामुळे मे महिन्यात थांबवावे लागले होते. म्हणजे आपल्यासारख्या लस न घेतलेल्यांबरोबरच, घ्यायची असूनही ती न मिळालेले असंख्य कामगारही फलाटाबाहेर राहिले, आणि पाहणाऱ्याने सगळ्यांनाच एका मापाने मोजले. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, आणि निर्बंध घालायचे तर ते परिस्थितीच्या प्रमाणात असावेत, असा निर्णय दिला. त्याच निकालात लसीकरणाचे शासकीय धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले होते, हेही आपण वाचावे.

माझे मत विचाराल, तर आपण लस घ्यायला हवी होती. आपल्या वयाच्या माणसाला तिने मृत्यूपासून मोठे संरक्षण दिले असते. मात्र ती न घेण्याने सर्वाधिक धोका आपण स्वतः पत्करला होता. गोवराची लस संसर्गाची साखळी जशी तोडते तशी ही लस ती पूर्णपणे तोडत नव्हती, विशेषतः ओमायक्रॉननंतर. त्यामुळे ‘तुम्ही आम्हाला मारताय’ हे आपल्याला ऐकवणाऱ्यांच्या म्हणण्यात अतिशयोक्ती होती.

आता आपल्या समाधानाविषयी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या आधारे अठरा ते पंचेचाळीस वयाच्या धडधाकट दिसणाऱ्या व्यक्तींच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. घरात असे मृत्यू पूर्वी झालेले असणे, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, मद्यपान, अतिश्रमाचा व्यायाम यांचा संबंध मात्र दिसला. परंतु ही माहिती मी आपल्याशी वाद जिंकण्यासाठी देत नाही. आपण ज्या तरुणाच्या मृत्यूची बातमी ऐकता, त्याच्या घरी एक भाऊ असतो. तो त्या रात्री ‘हे का झाले’ असे विचारत बसलेला असतो आणि शेजारपाजारचे लोक त्याच्यासमोर आपापली मते मांडत असतात. आपल्याइतके त्याला कोण ओळखते? आपल्याला जे मिळाले नाही, ते त्याला देऊ शकेल असा माणूस सोसायटीत बहुधा आपणच आहात. त्या घरी जाऊन लसीचा विषय न काढता नुसते बसून या.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. घरोघर जाऊन डोससाठी बोलावते. कोणी दार लावून घेतात, कोणी ‘तुला किती पैसे मिळतात’ असे विचारतात. साथ आली की जाब मात्र मलाच विचारला जातो. मला या लोकांचा राग येतो. सहानुभूती कुठून आणू?

उत्तर : ताई, तुमचा राग थकव्यातून आलेला आहे आणि तो मला चांगला परिचयाचा आहे. तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या बाईने वस्तीच्या सगळ्या शिव्या पदरात घ्याव्यात आणि वरून समजूतही तिनेच दाखवावी, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. लागोपाठ तीन वेळा नकार आलेल्या घरी चौथ्या वेळी एकटीने जाऊ नका. परिचारिकेला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याला सोबत येण्यास सांगा, ते त्यांचेही काम आहे.

लोकांच्या मनात सुईची जी भीती आहे तिला इतिहास आहे. १८९७ मध्ये मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून जी जबरदस्ती केली, ती महाराष्ट्र विसरलेला नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे त्याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने गेले. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर तर सरकारी सुईकडे कित्येक वस्त्यांनी संशयानेच पाहिले. उत्तर प्रदेशातल्या अनेक वस्त्यांत पोलिओच्या थेंबांना विरोध झाला, तेव्हा तिथल्या आया विचारत की आमची मुले जुलाबाने मरतात, गटारे तुंबली आहेत, त्यासाठी कोणी येत नाही आणि या दोन थेंबांसाठी मात्र पुन्हा पुन्हा का येता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून थेंबांसोबत इतर औषधे आणि तपासणीची शिबिरे नेली, वस्तीतल्याच बायका आणि मौलवी सोबत घेतले, तेव्हा दारे उघडू लागली. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा नैसर्गिक विषाणूमुळे झालेला देशातला शेवटचा ठरला.

आणि प्रत्येक नकार हा मताचाच असतो असेही नाही. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत आम्ही डोस द्यायला जात होतो. एक बाई तीन हंगाम नाहीच म्हणत होती, आणि आमच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘विरोध’ असे लिहिलेले होते. चौथ्या वर्षी मी तिच्या चुलीपाशी बसले तेव्हा ती म्हणाली, ‘डोस दिला की लेकरू दोन रोज किरकिर करतंय. मी फडात जाऊ का त्याला घेऊन बसू? खाडा पडला की मुकादम पैसे कापतोय.’ तिला लसीविषयी कसलीही शंका नव्हती. आम्ही मुकादमाला गाठले, गाळप दोन दिवस बंद राहणार होते ती तारीख विचारून घेतली आणि आदल्या संध्याकाळी तळावर गेलो. कंदिलाच्या उजेडात ती तिन्ही मुलांना घेऊन रांगेत सर्वांच्या पुढे उभी होती. घरी परतल्यावर मी त्या नोंदवहीतला ‘विरोध’ हा शब्द खोडला आणि तिथे ‘कामाची अडचण’ असे लिहिले. तुमच्या यादीतल्या नावांपुढे काय लिहिले आहे, ते एकदा परिचारिकेबरोबर बसून पाहा.